पाण्याच्या दोन वाटा

दिवाळीच्या अंकात पटकीवर लेख म्हणजे जरा अतीच झाले, हे मला कळते. वाचणाऱ्याच्या एका हाताशी चकली, दुसऱ्या हाताशी चहा आणि समोर हा जुलाब-वांत्यांचा विषय! संपादकांना मी हे आधीच बोलून दाखवले होते. ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मभर जंतूंतच वावरलात. दुसरं काय लिहिणार?" म्हणणे खरे आहे. तेहेतीस वर्षे मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. आतड्याचे नाव घेताना ज्याला संकोच वाटतो त्याने या शास्त्राच्या वाटेला जाऊच नये. तरीपण फराळाचे ताट बाजूला सारावे लागणार नाही, एवढी काळजी मी घेईन.

पटकी हा शब्दही आता चलनातून गेला. माझ्या विद्यार्थ्यांना 'कॉलरा' कळे. 'पटकी' म्हटले की ती मुले एकमेकांकडे पाहत. आमच्या लहानपणी मात्र हा शब्द दोन ठिकाणी हमखास ऐकू येई. एक भांडणात. 'पटकी येवो तुला' यापेक्षा मोठा तळतळाट आमच्या गावात नव्हता. दुसरे ठिकाण म्हणजे मरीआईचे देऊळ.

आमचे गाव माळशिरसच्या अलीकडचे, पालखीच्या रस्त्यावरचे. साथ आली की लोक मरीआईचा गाडा काढीत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, खण, बांगड्या, लिंबे. वाजतगाजत तो शिवेवर न्यायचा आणि तिथे सोडून मागे न बघता परत यायचे. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेतून आणखी पुढच्या गावाकडे ढकलायचा. रोग घालवण्याऐवजी तो शेजाऱ्याच्या हवाली करण्याची ही रीत मला तेव्हा फार गमतीची वाटे. पुढे निरनिराळ्या देशांची साथीच्या काळातली सरकारी पत्रके वाचण्यात आली तेव्हा कळले, की ही रीत काही खेड्यांपुरतीच नाही.

आमच्या घरात पटकी येऊन गेली ती माझ्या जन्माआधी वीसेक वर्षे. आषाढीची वारी परतत होती आणि तिच्या पाठोपाठ रस्त्यावरच्या गावांतून साथ चालली होती. आजीचा थोरला मुलगा बाळू तेव्हा चार वर्षांचा. सकाळी अंगणात खेळत होता, दिवेलागणीला डोळे खोल गेले, रात्री संपला. शेवटपर्यंत तो पाणी मागत होता. ते द्यायचे नाही असा वडीलधाऱ्यांचा हुकूम होता. पोटात गेलेले पाणी उलटून पडते, जुलाब वाढतात, तेव्हा पाणी तोडा. त्या काळची सार्वत्रिक समजूत ती हीच. आजीने पदराचे टोक भिजवून त्याच्या ओठांवरून फिरवले, तेवढेच.

हे मला आत्याने सांगितले. ती बाळूपेक्षा तीन वर्षांनी मोठी, तिने सारे पाहिले होते. आजीच्या तोंडून या गोष्टीचे एक अक्षर कधी निघाले नाही. तिची एक खोड तेवढी आम्हाला ठाऊक होती. दारात कुणीही येवो, पोस्टमन येवो, बोहारीण येवो, वसुलीला आलेला तलाठी येवो, त्याच्यापुढे आधी पाण्याचा तांब्या यायचा आणि मग 'काय काम होतं?' हा प्रश्न. रात्री एखाद्या मुलाने झोपेत 'पाणी' म्हटले तर त्याच्या आईच्या आधी आजी उठलेली असे.

आता शास्त्राकडे वळते. पटकीचा जंतू कोणता, हे जगाला १८८४ सालापासून ठाऊक आहे. जर्मनीचा रॉबर्ट कॉख आधी इजिप्तमध्ये आणि मग आपल्या कलकत्त्यात येऊन त्याच्या मागे लागला आणि स्वल्पविरामासारखा तो वाकडा जीव त्याने वेगळा काढून दाखवला. पण 'कोण' ते समजले म्हणजे 'कसे' ते समजतेच असे नाही. चोराचे नाव कळले. पण कुलूप शाबूत, तिजोरी शाबूत, आणि धन मात्र गायब! एवढासा जंतू धडधाकट माणसाच्या अंगातले पाणी एका दिवसात उपसून काढतो तरी कसा? तो काही तरी विष सोडत असावा असा खुद्द कॉखचा तर्क होता. पण ते विष काही केल्या सापडेना. जनावरांना पटकी होत नाही, ही मोठी अडचण. कुणी जंतू सशाच्या शिरेत टोचले, कुणी उंदराच्या पोटाच्या पोकळीत. जनावर मेले तरी ती पटकी नव्हे.

कॉखवर ज्यांचा विश्वास नव्हता असेही लोक होते. म्युनिकचा वृद्ध प्राध्यापक पेटेनकोफर त्यांतला सर्वांत हट्टी. १८९२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने पोटातले आम्ल मारण्यासाठी आधी सोडा घेतला आणि वर पटकीच्या जंतूंचे पाणी पिऊन टाकले! थोडे पोट बिघडले, बाकी म्हातारा ठणठणीत. आपला विजय झाला असे त्याने मानले. (त्याच्या एका सहकाऱ्यानेही पुढे हाच पराक्रम केला, त्याचे पोट बरेच जास्त बिघडले.) शास्त्राच्या इतिहासात शहाण्या माणसांचा वेडेपणा वाचायला मला नेहमीच आवडत आले आहे, पण अशा वेळी आपण त्यांच्या बायकोच्या जागी नव्हतो याचेही समाधान वाटते.

कॉखनंतर पाऊणशे वर्षांनी हे कोडे सुटले, आणि तेही कलकत्त्यातच. सोडवणारे गृहस्थ म्हणजे डॉ. शंभुनाथ डे. हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९१५ मध्ये त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिक्षण, मग लंडनला रॉय कॅमेरॉन या विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. परत आले ते आधी नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात आणि पुढे आपल्या जुन्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून. विलायतेहून शिकून आलेला माणूस विलायतेतलेच प्रश्न घेऊन बसतो असा आपला अनुभव. डे यांनी प्रश्न उचलला तो दारातला. त्यांच्या शहरात पटकी दरवर्षी येत होती.

त्यांनी काय केले ते सांगते. इतके साधे आहे, की आपल्याला का सुचले नाही असे पुष्कळांना वाटले असेल. डे यांनी विचार केला, की माणसाला पटकी होते ती आतड्यात, तर मग जंतू शिरेत टोचून काय होणार? ते आतड्यातच सोडले पाहिजेत. त्यांनी सशाला भूल देऊन पोट उघडले, लहान आतड्याचा बोटभर-वीतभर तुकडा दोन्ही टोकांना रेशमाच्या दोऱ्याने बांधला, तो कापला नाही, जागच्या जागीच ठेवला, आणि त्यात सुईने जंतू सोडून पोट शिवून टाकले. शेजारीच आणखी एक तुकडा तसाच बांधला. त्यात जंतू नाहीत. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले तर जंतूंचा तुकडा पाण्याने टम्म फुगलेला, आणि पाणी पटकीच्या रोग्याचे असते तसे, तांदळाच्या धुवणासारखे. शेजारचा तुकडा रिकामा, चपटा. एकाच सशाच्या पोटात प्रश्नही आणि पडताळाही! चतर्जी या सहकाऱ्यासह केलेले हे काम १९५३ मध्ये छापून आले.

पुढची पायरी १९५९ ची. जंतू वाढवलेल्या पाण्यातून त्यांनी जंतू गाळून काढले. एकही जंतू नसलेला तो निवळ द्रव बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे तसेच फुगले. म्हणजे मारणारा जंतू नव्हे. तो मागे सोडून जातो ते विष. कॉखचा तर्क खरा ठरला. त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. दत्ता आणि त्यांचे सहकारी पान्से व कुलकर्णी यांनीही सशाच्या तान्ह्या पिलांवर वेगळ्या रीतीने प्रयोग करून विषाकडेच बोट दाखवले. मुंबईच्या या कामाची आठवण आपल्याकडेसुद्धा कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

डे यांचा तो लेख लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकात आला. जेमतेम दोन पाने. मी तो १९६८ मध्ये पुण्याला एम.एस्सी. करताना ग्रंथालयातल्या बांधीव खंडात वाचला. प्रयोगशाळेत आम्ही पटकीचे जंतू पाहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पोहत नाहीत, बाण सुटावा तसे सुटतात. आत्ता इथे, आत्ता पार तिकडे. त्यांच्या पाण्यात आम्लाचे थेंब टाकले की सुंदर गुलाबी-लाल रंग चढे. आमचे सगळे शिक्षण असे जंतू ओळखण्याचे होते. त्या दोन पानांनी मला पहिल्यांदा दाखवले, की ओळख पटल्यावर खरे काम सुरू होते.

हे विष करते काय, ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उलगडत गेले. १९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते शुद्ध करून वेगळे काढले. त्याची रचना मोठी धूर्त आहे. पाच सारख्या तुकड्यांचे एक कडे आणि त्यावर बसलेला एक निराळा तुकडा. कडे आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटते आणि वरचा तुकडा आत शिरतो. पेशीमध्ये क्षार-पाणी बाहेर सोडण्याचे एक बटण असते. एरवी ते गरजेपुरते दाबले जाते आणि सुटते. हा तुकडा ते दाबलेल्या स्थितीत पक्के करून टाकतो. मग क्षार बाहेर आणि त्यामागे पाणी बाहेर. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत! पेशी मरत नाही, फाटत नाही. आतड्याचे अस्तर सोलून निघते, असे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तके सांगत होती. पण बँकॉकच्या रोग्यांच्या आतड्यातले कण तपासून गंगारोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ते शाबूत असल्याचे दाखवले. कुलूप शाबूत, तिजोरी शाबूत म्हटले ते एवढ्यासाठीच. घरातल्याच माणसाकडून नळ उघडा ठेवून घेतला.

आणि इथे या हकिकतीतली सर्वांत मोठी गोष्ट येते. पेशी जर धड आहे, तर तिची दुसरी दारेही धड असणार! साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आतड्यातून पेशीत शिरतात, हे रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले होते. पटकीचे विष या दाराला हात लावत नाही. नुसते पाणी पाजले तर ते उघड्या नळातून वाहून जाते. नुसते मीठही उपयोगाचे नाही. पण पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही मापात घातली, की साखर मिठाला आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. एका वाटेने पाणी बाहेर पडत असतानाच दुसऱ्या वाटेने ते आत घ्यायचे. १९६८ मध्ये ढाक्याला नेलिन आणि कॅश यांनी हे पटकीच्या रोग्यांवर सिद्ध केले.

१९७१ मध्ये त्याची परीक्षा झाली. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि सरहद्दीवरच्या बोनगावात पटकीने धुमाकूळ घातला होता. रुग्णालयात जमिनीवरसुद्धा पाऊल ठेवायला जागा नाही आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधायला लावल्या, पिंपांत पाणी कालवले आणि ते पाजायचे काम रोग्यांच्या नातेवाइकांकडे दिले. आई, बहीण, शेजारीण, जी कुणी उशाशी असेल तिच्या हाती पेला. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, ती चारांच्या आत आली. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते मृत्यूनंतर, २०२३ मध्ये.

डे यांना तेवढेही मिळाले नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या पटकीवरील नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणे आले, आणि नोबेल मिळालेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले. आपल्याकडच्या एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सभासद करून घेतले नाही. आपल्याकडे माणसाच्या नावाची पाटी लागायला आधी परदेशातून खिळा यावा लागतो; इथे खिळा आला तरी पाटी लागली नाही.

१९७९ च्या उन्हाळ्यात माझा दीड वर्षाचा मुलगा जुलाबांनी आजारी पडला. पटकी नव्हती ती, उन्हाळ्यातला नेहमीचा विकार; पण दोन दिवसांत पोराचे डोके जड आणि मान हलकी झाली. आजी तेव्हा आमच्याकडे पुण्यालाच होती. शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, कान मात्र तिखट. डॉक्टरांनी मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजत राहायला सांगितले. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मी भांडे घेऊन बसले तशी आजी जवळ आली.

"पाणी पाजायला सांगितलं डॉक्टरांनी?"

"हो."

"जुलाब होत असताना?"

"जुलाब होताहेत म्हणूनच, आजी."

ती काही बोलली नाही. माझ्या हातातला चमचा घेतला आणि पोराला मांडीवर आडवे घेऊन पाजू लागली. पोराने ओकून टाकले तर थोडे थांबायची, तोंड पुसायची, पुन्हा चमचा. रात्री अकराच्या सुमारास तिने विचारले, "यात नुसतं मीठ आणि साखर?"

"नुसतं मीठ आणि साखर."

"साखर नव्हती तेव्हा आमच्याकडे." बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "मीठ होतं. गूळही होता."

बाळूबद्दल तिने आयुष्यात माझ्याशी काढलेले हे एवढेच शब्द. मी तिला म्हटले, "तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आजी. विलायतेतल्या डॉक्टरांनासुद्धा नाही." हे तिची समजूत घालण्यासाठी म्हटले नव्हते, खरेच तसे होते. कलकत्त्याच्या मोठ्या रुग्णालयात त्या काळीही शिरेतून मिठाचे पाणी देऊन माणसे वाचवीत, पण साखरेचे दार कुणालाच दिसलेले नव्हते.

"मग कुणी शोधलं?"

रात्र मोठी होती. मी तिला कलकत्त्याच्या डॉक्टरांची, बांधलेल्या आतड्याची, गाळलेल्या विषाची, ढाक्याची, बोनगावची अशी सगळी हकिकत सांगितली. बोनगावला आयाबायांच्या हाती पेले दिले, हे तिने दोनदा सांगायला लावले. शेवटी म्हणाली, "आणि ते ससे?"

"त्यांना मारावं लागलं."

"हं." तिने पुढचा चमचा भरला. "तो डॉक्टर आहे का अजून?"

"आहेत. कलकत्त्यातच असतात."

"असो बापडा. पुष्कळ जगो."

पहाटे पोराने लंगोट ओला केला. पोटात पाणी राहिल्याची ती खूण. मुलाच्या शीवर एवढा आनंद आमच्या घरात आधी कधी झाला नसेल. डॉ. डे १९८५ च्या एप्रिलमध्ये वारले. 'करंट सायन्स' या नियतकालिकाने त्यांच्यावर खास अंक काढला, तो १९९० मध्ये. तोवर आजीही गेली होती.

संशोधन तिथेच थांबले नाही. १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की पटकीच्या जंतूचे ते प्रसिद्ध विष मुळात त्याचे स्वतःचे नाहीच! जंतूंना लागण करणारा एक विषाणू असतो, तो विष बनवण्याची कृती बरोबर आणतो आणि जंतूच्या वंशात कायमची लिहून ठेवतो. ज्या जंतूला ही लागण झालेली नाही तो खाडीच्या पाण्यात इवल्या कवचाच्या किड्यांना चिकटून आपला निरुपद्रवी संसार करीत असतो. आजारी पडलेला जंतू आपल्याला आजारी पाडतो. वर्गात हे सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करीत.

त्या किड्यांवरून रीटा कोलवेल या बाईंना एक युक्ती सुचली. किडे गाळता आले तर त्यांना चिकटलेले जंतूही गाळले जातील. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या बायकांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवले आणि पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने कमी झाले. हा निष्कर्ष २००३ मध्ये छापून आला. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन तिचे सूत सैल होते आणि जाळी बारीक होते.

माझ्या मैत्रिणींना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. 'बघा, आपल्या आज्या हेच करायच्या!' खरे आहे. आमच्या आजीच्या हांड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची चौघडी असायची, आणि पाणी भरून झाले की ती धुऊन दोरीवर वाळत पडायची. पण निम्मे म्हणजे निम्मेच. आत्या सांगायची, त्या आषाढातही हांड्यावर चौघडी होतीच.